बीबीसी मायक्रो संगणकाचे प्रारंभिक कॉन्फिगरेशन

बीबीसी मायक्रो या घरगुती व शालेय संगणकास वीजपुरवठा मिळताच तो कोणत्या पडदा-मोडमध्ये, कोणत्या भाषेसह व कोणत्या साठवण-माध्यमासह सुरू व्हावा, हे ठरवणाऱ्या निवडींना प्रारंभिक कॉन्फिगरेशन असे म्हणतात. या निवडी बदलल्या किंवा पुसल्या गेल्यास धडधाकट यंत्रही निकामी भासते. म्हणून सुटे भाग बदलण्यापूर्वी त्या तपासणे आवश्यक असते.

पार्श्वभूमी

हा संगणक केंब्रिज येथील एकॉर्न कॉम्प्युटर्स या कंपनीने डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आणला. त्याच्या 'बी' प्रकारात ६५०२ प्रक्रियक व ३२ किलोबाइट रॅम असे. भारतात १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या 'क्लास' या शालेय संगणक-साक्षरता प्रकल्पात हाच संगणक वापरला गेला. मोहाली येथील सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने त्याची 'एससीएल युनिकॉर्न' नावाची भारतीय आवृत्ती तयार केली. त्यामुळे देशातील अनेक विद्यार्थ्यांनी पाहिलेला पहिला संगणक हाच होता.

कॉन्फिगरेशनची जागा

'बी' प्रकारात या निवडी कळफलकाच्या मुद्रित पट्टीवर, पुढील उजव्या बाजूस असलेल्या आठ जोडण्यांनी ठरतात. काही यंत्रांत तेथे लहान स्विच बसवलेले आढळतात. तीन जोडण्या पडदा-मोड ठरवतात, एक जोडणी 'शिफ्ट' व 'ब्रेक' या कळांचे कार्य उलटवते, दोन जोडण्या फ्लॉपी ड्राइव्हचा वेग ठरवतात आणि उरलेल्या दोन राखीव असतात. सर्व जोडण्या खुल्या असल्यास संगणक मोड ७ मध्ये सुरू होतो.

लक्षणे व उपाय

सुरू होताना संगणक दोन स्वरांचा ध्वनी करतो आणि पडद्यावर आपले नाव व रॅमची क्षमता दाखवतो. पहिला स्वर न थांबता चालू राहिल्यास प्रारंभाची क्रियाच पूर्ण झालेली नसते. असा दोष कॉन्फिगरेशनचा नसून यंत्रभागाचा असतो.

'लँग्वेज?' असा संदेश आल्यास बेसिक भाषेची रॉम सापडलेली नसते. वीज बंद करून ती चिप तिच्या खोबणीत नीट बसवणे हा पहिला उपाय होय.

मोठा प्रोग्राम स्मृतीत मावत नसल्यास प्रारंभीचा मोड पाहावा. मोड ० मध्ये पडद्यासाठीच २० किलोबाइट खर्च होतात, तर मोड ७ मध्ये केवळ एक. फ्लॉपीची प्रणाली बसवलेल्या यंत्रावर बेसिकसाठी मोड ७ मध्ये २५,३४४ बाइट उरतात, तर मोड ० मध्ये अवघे ५,८८८. मोड बदलण्याची आज्ञा दिल्यास तात्पुरता उपाय होतो. कायमच्या उपायासाठी जोडण्या खुल्या कराव्या लागतात.

'शिफ्ट' दाबून 'ब्रेक' सोडल्यावर फ्लॉपी आपोआप सुरू व्हावयास हवी. ती केवळ 'ब्रेक' दाबल्यावर सुरू होत असल्यास कार्य उलटवणारी जोडणी जोडलेली आहे असे समजावे. दोन्ही प्रकारे सुरू होत नसल्यास त्या फ्लॉपीवरील स्वयंप्रारंभाचा पर्याय शून्य आहे का, ते पाहावे. 'ब्रेक' दाबल्यामुळे स्मृतीतील बेसिक प्रोग्राम नाहीसा झाल्यासारखा वाटला, तर 'ओल्ड' या आज्ञेने तो बहुधा परत मिळतो.

मास्टर १२८

याच मालिकेतील १९८६ च्या मास्टर १२८ मध्ये जोडण्यांऐवजी घड्याळाच्या चिपमधील ५० बाइट सीमॉस रॅम वापरली आहे. तिला बॅटरी जिवंत ठेवते. बॅटरी संपली की निवडी पुसल्या जातात आणि ही भाषा नव्हे, अशा अर्थाचा इंग्रजी संदेश दिसू शकतो. अशा वेळी 'आर' ही कळ दाबून धरून वीज सुरू केल्यास सीमॉस रॅम नव्याने मांडली जाते. त्यानंतर 'स्टेटस' या तारांकित आज्ञेने निवडी वाचाव्यात व 'कॉन्फिगर' आज्ञेने त्या दुरुस्त कराव्यात. प्रणालीच्या ३.२० आवृत्तीत बेसिकचा क्रमांक १२ व साध्या फ्लॉपी प्रणालीचा ९ असतो. 'कंट्रोल' व 'ब्रेक' एकत्र दाबल्यावर बदल लागू होतात. बॅटरी न बदलल्यास वीज बंद होताच हा दोष पुन्हा उद्भवतो.

दक्षता

दीर्घकाळ पडून राहिलेले यंत्र थेट विजेला जोडू नये. त्याच्या वीजपुरवठा संचातील जुने फिल्टर कपॅसिटर तडकून धूर निघण्याचा धोका असतो, म्हणून ते जाणकाराकडून आधी बदलून घ्यावेत. मास्टरमधील संपलेली बॅटरी आतच राहू दिल्यास तिच्यातून झिरपणारे रसायन आतील धातूचे भाग गंजवते. कॉन्फिगरेशनचा दोष काही मिनिटांत दूर होतो, गंजलेली पट्टी मात्र सहजी दुरुस्त होत नाही.