विश्लेषण : जॅझ वादनाच्या पदवीसाठी इतकी चुरस का? या पदवीने मिळते काय?

जॅझ हे क्लबांत आणि नृत्यगृहांत घडलेले संगीत. लुई आर्मस्ट्राँग किंवा चार्ली पार्कर हे कोणत्याही विद्यापीठाची संगीत पदवी घेऊन मंचावर आले नव्हते. आज मात्र अमेरिकेतील अनेक तरुण जॅझ वादक विद्यापीठांतून घडतात आणि नामांकित संस्थांत एकेका वाद्यासाठी मोजक्याच जागा असतात. क्लबातले संगीत वर्गात कसे आले, तेथे काय शिकवतात आणि या पदवीचा उपयोग किती, याविषयी…

पहिली पदवी कुठे सुरू झाली?

टेक्सासमधील डेंटन येथे, आजच्या नॉर्थ टेक्सास विद्यापीठात, १९४७ मध्ये जीन हॉल यांच्या पुढाकाराने हा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याचे नाव मात्र ‘डान्स बँड’ असे ठेवण्यात आले, कारण ‘जॅझ’ हा शब्द तेव्हा प्रतिष्ठित मानला जात नव्हता. विसंगती याहून मोठी होती. हे संगीत कृष्णवर्णीयांनी घडवलेले, पण त्याची पहिली पदवी देणाऱ्या या संस्थेत तेव्हा कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता. पदवीच्या वर्गांचे दार त्यांच्यासाठी उघडले ते न्यायालयीन लढाईनंतर, १९५६ मध्ये. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्डमध्ये माइल्स डेव्हिस १९४४ साली दाखल झाले होते. पण ते शिक्षण अर्धवट सोडून पार्कर यांच्यासोबत क्लबांत वाजवू लागले. त्याच ज्युलियार्डने जॅझचा अभ्यासक्रम सुरू केला तो थेट २००१ मध्ये.

प्रवेश कसा मिळतो?

बारावीचे गुण, इंग्रजीची परीक्षा हे सारे लागते. पण निर्णायक ठरते ती ऑडिशन. बहुतेक नामांकित संस्थांत ती दोन टप्प्यांत होते. आधी ध्वनिचित्रफीत पाठवायची. त्यात साधारणपणे एक ब्लूज, एक संथ बॅलड, एक जलद रचना आणि प्रत्येकीत स्वतःचे उत्स्फूर्त वादन अपेक्षित असते. यातून निवडलेल्यांनाच प्रत्यक्ष ऑडिशनला बोलावले जाते. तेथे न पाहिलेली स्वरलिपी वाचून वाजवणे, ऐकलेले स्वर ओळखणे आणि इतर वादकांबरोबर वाजवणे, याची परीक्षा होते. जागा मोजक्या असण्याचे कारणही यातच आहे. संस्थेला चार चांगले ट्रम्पेटवादक मिळाले आणि बासवादक एकच मिळाला, तर त्यातून बँड उभा राहत नाही. त्यामुळे त्या वर्षी कोणत्या वाद्याची गरज आहे, यावरही प्रवेश अवलंबून असतो. पाश्चात्त्य संगीताच्या श्रेणी परीक्षांची प्रमाणपत्रे जमेची बाजू ठरू शकतात, पण ती ऑडिशनची जागा घेत नाहीत.

चार वर्षे शिकवतात काय?

जॅझमध्ये उत्स्फूर्तता असते, म्हणजे मनाला येईल ते वाजवणे नव्हे. ब्लूजचे आवर्तन प्रचलित रूपात १२ मात्राखंडांचे, तर अनेक लोकप्रिय रचनांचे ३२ मात्राखंडांचे असते. प्रत्येक खंडाखाली स्वरसंघ, म्हणजे कॉर्ड, बदलत जातात. त्या बदलांशी सुसंगत स्वर शोधत, आवर्तनाचे भान न सोडता नवी सुरावट रचायची असते. ख्यालगायक तालाच्या आवर्तनात विस्तार करून समेवर येतो, त्याच्याशी याचे साम्य आहे. पण तेथे आधारस्वर स्थिर असतो, येथे पायाखालची जमीन सतत हलत असते. त्यासाठी जुन्या वादकांचे सोलो कानाने ऐकून जसेच्या तसे उतरवणे आणि एकच रचना बाराही पट्ट्यांत वाजवणे, असा रियाज असतो. जोडीला स्वरमेळशास्त्र, संयोजन, जॅझचा इतिहास, पियानोची किमान ओळख आणि सत्रअखेरीस परीक्षक मंडळापुढे वादन. मुख्य भर मात्र समूहवादनावर असतो. नॉर्थ टेक्सासमध्ये ‘वन ओक्लॉक’, ‘टू ओक्लॉक’ अशी सरावाच्या वेळांवरून नावे पडलेले बँड आहेत आणि कोण कुठल्या बँडमध्ये, हेही ऑडिशनवरच ठरते.

या शिक्षणावर आक्षेप कोणते?

एकाच पद्धतीने शिकलेले वादक एकसारखे वाजवतात, हा जुना आक्षेप. जॅझची भाषा शिकवता येते, स्वतःचा आवाज शिकवता येत नाही, असे अनेक बुजुर्ग मानतात. पूर्वी आर्ट ब्लेकी यांच्या ‘जॅझ मेसेंजर्स’सारखे बँड हीच तरुणांची शाळा असे. फिरते बँड आणि क्लब कमी झाल्यावर ती उमेदवारी विद्यापीठांकडे आली. पंडित रविशंकर यांच्या कन्या नोरा जोन्स या नॉर्थ टेक्सासमध्ये जॅझ पियानो शिकत होत्या. दोन वर्षांनी त्यांनी न्यूयॉर्क गाठले आणि २००३ मध्ये त्यांच्या पहिल्याच अल्बमने ग्रॅमी पुरस्कारांत बाजी मारली.

मुंबई-गोव्याशी नाते काय?

गोव्यात चर्चच्या शाळांमधून स्वरलिपी वाचायला शिकलेले वादक मुंबईत हॉटेलांच्या बँडमध्ये जॅझ वाजवत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांतही काम करत. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे सी. रामचंद्र यांचे सहायक होते. भगवानदादांच्या ‘अलबेला’तून (१९५१) हा बाज घराघरांत पोहोचला. त्या पिढीची शाळा म्हणजे चर्च, हॉटेल आणि ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ. ती साखळी आता जवळपास तुटली असल्याने येथील मुलांनाही औपचारिक शिक्षणाचा मार्ग खुणावतो.

खर्च किती, पुढे काय?

अमेरिकेतील नामांकित खासगी संस्थांचे केवळ शिक्षणशुल्क वर्षाला ५० हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे ४० लाख रुपयांहून अधिक आहे. राहणे-खाणे वेगळे. शिष्यवृत्ती बहुधा ऑडिशनच्या दर्जावरच मिळते. पदवीनंतर परदेशी विद्यार्थ्याला साधारण एक वर्ष आपल्या क्षेत्रात काम करता येते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना मिळणारी मुदतवाढ येथे लागू नसते. बहुतेकांचा चरितार्थ शिकवण्या, ध्वनिमुद्रण, समारंभांतील वादन आणि संगीतसंयोजन यांच्या बेरजेवर चालतो. नोकरीची हमी ही पदवी देत नाही. तिच्यातून मिळतात ती चार वर्षे, आपल्यापेक्षा चांगल्या वादकांसोबत रोज वाजवण्याची संधी आणि पुढे आयुष्यभर काम देणाऱ्या ओळखी. त्यामुळे संस्था निवडताना नावापेक्षा आपले वाद्य कोण शिकवणार, आठवड्यात किती तास समूहात वाजवायला मिळणार आणि शिष्यवृत्ती वजा जाता किती कर्ज उरणार, हे आधी पाहणे शहाणपणाचे.