परक्याच्या अर्जाला आपला हात

आमच्या आजीला वय विचारले की ती म्हणायची, "बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली तेव्हा मी दोन लेकरांची आई होते." एवढ्यावरून आम्ही हिशेब मांडला आणि निराधार योजनेच्या अर्जात तिचे वय भरले. आजीला तारीख माहीत नव्हती, पण ती खोटे बोलत नव्हती.

आजीची ही गोष्ट मला मागच्या हिवाळ्यात दिल्लीत आठवली. निर्वासितांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या एका कार्यालयात मी रजा काढून पंधरा दिवस स्वयंसेवक म्हणून गेले होते. मी वकील नाही. बी.कॉम. झालेली कारकून आहे आणि वीस वर्षे आवक-जावकच्या टेबलावर काढली आहेत. आपला तिथे काय उपयोग, असे मनात होते. पण पहिल्याच दिवशी तिथल्या वकील बाई म्हणाल्या, "कायदा आम्ही बघू. तुम्ही फक्त नीट ऐका आणि नीट लिहा."

बकरी ईदच्या आठवडाभर आधी

समोर म्यानमारमधून आलेली एक रोहिंग्या बाई बसली होती. तिचे नाव-गाव मी लिहीत नाही आणि एकदोन तपशीलही बदलले आहेत. आलेल्या माणसाची गोष्ट बाहेर न्यायची नाही, हा या कामाचा पहिला नियम आहे.

आपल्या देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावरही भारताने सही केलेली नाही. म्यानमार, अफगाणिस्तान अशा देशांतून आलेल्यांचे अर्ज दिल्लीतले संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्त कार्यालय तपासते. तिथे मुलाखत होते. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणासाठी छळ होण्याची खरी भीती आहे का, हे पाहिले जाते. हातात कागद नसतो, त्यामुळे माणसाचे बोलणे हाच पुरावा. एका कागदावर एक तारीख आणि तोंडी दुसरी आली की शंका सुरू होते.

या बाईचे तसेच झाले होते. वस्तीजवळच्या कोणीतरी भरून दिलेल्या पहिल्या अर्जात गाव सोडल्याचे साल २०१६ होते. तिला साल सांगता येत नव्हते. मी पेन खाली ठेवले आणि विचारले, "तेव्हा पाऊस होता का? लेकरू केवढे होते? सण कोणता जवळ आला होता?" ती मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, पाऊस होता, धाकट्याला दात येत होते आणि बकरी ईद आठवड्यावर आली होती.

२०१७ साली बकरी ईद २ सप्टेंबरला होती. म्यानमारच्या लष्कराची मोठी मोहीम सुरू झाली २५ ऑगस्टला. त्यानंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या जीव घेऊन बांगलादेशात पळाले. बाईची आठवण अचूक होती, चुकला होता तो अर्ज. आम्ही सगळा घटनाक्रम नव्याने लिहिला, तिला वाचून दाखवला आणि आधीच्या अर्जात चूक कशी झाली त्याचा खुलासा जोडला. या कामाला दीड दिवस लागला.

गळ्यातले लॉकेट

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या गळ्यातल्या बुद्धाच्या लॉकेटकडे बोट दाखवून विचारले, "तुम्ही पण त्यांच्याच धर्माच्या का?"

बंधू-भगिनींनो, मला उत्तर सुचले नाही. जिथे तिचे घर जळले, त्या देशात बहुसंख्य लोक स्वतःला बौद्ध म्हणवतात. तिथल्या काही भिक्खूंनीही तिच्या लोकांविरुद्ध द्वेष पसरवला. ज्या धम्माने आम्हाला माणूस म्हणून उभे केले, त्याची खूण पाहून समोरची बाई आक्रसून बसली होती. वकील बाईंनी मला बाजूला नेऊन सांगितले, "लॉकेट काढून ठेवा. इथे आधी तिची भीती." मी ते पर्समध्ये ठेवले. अपमान वाटला नाही असे म्हणणार नाही. पण रात्री विचार केला, मैत्री आणि करुणा गळ्यात घालून दाखवायची की हातांनी करायची?

'नागरिक' आणि 'व्यक्ती'

घरी आल्यावर जाऊबाईंनी विचारले, "आपल्याच लोकांचे खटले पडून आहेत. परक्यांचे कशाला?" प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर मला चकमांच्या खटल्यात सापडले.

चकमा हे आपले धम्मबांधव. पूर्व पाकिस्तानात कर्णफुली नदीवर १९६२ साली काप्ताई धरण पुरे झाले आणि सुमारे एक लाख माणसे उठली. त्यांतले बहुसंख्य चकमा होते. १९६४ पासून त्यांतल्या अनेकांना भारताने आजच्या अरुणाचल प्रदेशात वसवले. तीस वर्षांनी तिथल्या विद्यार्थी संघटनेने त्यांना निघून जा म्हणून धमकावले. नागरिकत्वाचे अर्ज स्थानिक अधिकाऱ्यांकडे दिले होते, पण ते दिल्लीला पुढे पाठवलेच जात नव्हते. आवक झाली, जावक नाही!

पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजने १९९४ साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला पत्र लिहिले आणि आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ जानेवारी १९९६ रोजी निकाल लागला. घटनेचे कलम १९ 'नागरिकां'साठी आहे, पण कलम १४ आणि २१ मध्ये शब्द आहे 'व्यक्ती'. जीविताचे संरक्षण नागरिक नसलेल्यालाही आहे, म्हणून राज्य सरकारने चकमांचे रक्षण करावे आणि त्यांचे अर्ज नोंदवून केंद्राकडे पाठवावेत, असा आदेश झाला. तरीही काम पुरे झाले नाही. २०१५ साली न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला.

हे संरक्षण अपुरे आहे, हेही सांगितले पाहिजे. ८ एप्रिल २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने रोहिंग्यांबाबत म्हटले की कलम १४ आणि २१ त्यांनाही लागू आहेत, पण परत न पाठवले जाण्याचा हक्क भारतात राहण्याच्या हक्काशी जोडलेला आहे आणि तो फक्त नागरिकांचा आहे. मात्र रीतसर कार्यपद्धती पाळल्याशिवाय पाठवता येणार नाही. ती पाळली गेली की नाही, हे बघायला कोणीतरी शेजारी बसलेले लागते.

बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली मसुदा समितीने तयार केलेल्या घटनेतला 'व्यक्ती' हा शब्द आपल्या धम्मबांधवांसाठी आपल्याला हवा असेल, तर त्या रोहिंग्या बाईसाठी तो नको, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? जाऊबाईंना मी एवढेच सांगितले.

आपण काय करू शकतो?

प्रत्येकाने दिल्लीला जावे असे नाही. हेच काम आपल्या तालुक्याच्या कोर्टातही आहे. १९७६ साली घटनेत आलेल्या कलम ३९-अ नुसार मोफत कायदेशीर मदत देणे ही शासनाची जबाबदारी आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुले आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. कोठडीतला माणूस परदेशी असला तरी तो 'व्यक्ती'च आहे. २००९ पासून या प्राधिकरणांत विधी स्वयंसेवकांची योजना आहे. त्याला वकिलीची पदवी लागत नाही, प्रशिक्षण दिले जाते. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. १५१०० हा त्यांचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

दिल्लीहून शिकून आलेले नियम सांगते. जे सांगितले तेच लिहा, भर घालू नका. लिहिलेले परत वाचून दाखवा. प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढा आणि पोच घ्या. "तुमचे काम होईल" असे वचन देऊ नका. कायद्याचा सल्ला वकिलावर सोडा. पैसे घेऊ नका, चहासुद्धा आपल्या पैशाने प्या. समोरचा रडला तर थांबा, पुढचा प्रश्न पाच मिनिटांनी विचारा.

त्या बाईच्या अर्जाचे पुढे काय झाले, मला माहीत नाही. माझी रजा संपली तेव्हा मुलाखत व्हायची होती. निघताना तिने खुलाशाच्या कागदाची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लेकराच्या लसीकरणाच्या कार्डाशेजारी ठेवली. आमची आजीही तिचे कागद तसेच ठेवायची.

जयभीम!