समान आवडीचा नकाशा

एकाच गाण्यावर जीव असलेली दोन माणसे परस्परांना कधी भेटलेलीही नसतात. तरीही त्यांच्यात एक अदृश्य धागा असतो. तो डोळ्यांना दिसावा, यासाठी संगणकाच्या साह्याने श्रोत्यांच्या जाळ्याचा नकाशा काढता येतो.

इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठातील रिचर्ड जोन्स या विद्यार्थ्याने २००२ मध्ये ‘ऑडिओस्क्रॉबलर’ ही प्रणाली तयार केली. सभासदाने संगणकावर ऐकलेल्या गाण्यांची ती नोंद ठेवी आणि समान आवडीचे श्रोते शोधून देई. २००५ मध्ये ती ‘लास्ट एफएम’मध्ये विलीन झाली. अशा नोंदींतूनच नकाशा साकारतो. प्रत्येक श्रोता म्हणजे एक बिंदू; आवड जुळली की दोन बिंदूंमध्ये रेषा. संगणक सर्व बिंदूंना एकमेकांपासून दूर लोटतो, तर रेषा त्यांना स्प्रिंगप्रमाणे जवळ ओढतात. या ओढाताणीतून समान आवडीच्या श्रोत्यांचे पुंजके तयार होतात. दोन पुंजक्यांना सांधणारा एखादा बिंदू उठून दिसतो. तो दोन्हींकडचे संगीत ऐकणारा रसिक.

मात्र किती गाणी जुळली म्हणजे रेषा काढायची, हे नकाशा काढणाराच ठरवतो. अट सैल ठेवली, तर सर्वांच्या ओठांवरचे एखादे गाणे साऱ्यांनाच जोडते आणि नकाशाचा गुंता होतो. अट फार कडक केली, तर सांधणारा रसिकच एकाकी पडतो. म्हणूनच असा नकाशा पाहताना त्यामागची अट आधी विचारावी. शिवाय रेषा सांगते ते आवडीतील साम्य. ओळख नव्हे, मैत्री तर नव्हेच.