प्रयोगशाळेतून पाबळला

डॉ. श्रीनाथ कलबाग यांची पीएच.डी. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची, विषय अन्नतंत्रज्ञान. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संस्थेत संशोधन, पुढे मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरची जागा. ती सोडून १९८३ मध्ये त्यांनी पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळ या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम सुरू केला.

आयटीआयत मुलगा एकच ट्रेड शिकतो. फिटर तो फिटर, वायरमन तो वायरमन. गावात मात्र दिवसभर पुरेल एवढं एकाच प्रकारचं काम मिळत नाही, हे कलबागांनी ओळखलं. म्हणून शाळा अर्धवट सुटलेली मुलं आश्रमात वेल्डिंग, वायरिंग, शेती, पशुपालन असं सगळंच हाताळतात.

आश्रमाच्या कामाची दुसरी शाखा नेहमीच्या हायस्कुलांतली. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस ‘मूलभूत तंत्रज्ञाना’चा: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. शिकवायला शक्यतो गावातलाच कारागीर. शाळेचं फाटक दुरुस्त करणं, गावकऱ्यांना माती तपासून देणं, हीच इथली प्रात्यक्षिकं. फाटक नीट लागलं नाही तर सगळं गाव बघतं, त्यामुळे परीक्षकाची फारशी गरज उरत नाही!

अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब ही डिजिटल कार्यशाळाही आली, संगणकावर चालणाऱ्या कटिंग यंत्रांसह. कलबाग २००३ मध्ये वारले. आश्रम चालूच आहे.