आजोबांच्या डब्यातली जुनी नाणी खरंच लाखमोलाची असतात का?

माझं आजोळ तंजावरचं. आईच्या माहेरी अजून मराठी बोलतात, पण त्यात तमिळ शब्द इतके मिसळलेले असतात की पुण्याहून गेल्यावर पहिले दोन दिवस मला नीट कान देऊन ऐकावं लागतं. यंदा पोंगलला गेले तेव्हा मामाने कपाटातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "तू इंटरनेटवर लिहितेस ना? मग ह्याची किंमत काढून दे."

डब्यात आजोबांनी चाळीस वर्षं जमवलेली नाणी होती. मोजली तर २१४ भरली. काही सुटी, काही कागदाच्या छोट्या पुड्यांत बांधलेली. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डबा विकला की ऑपरेशनचा खर्च निघेल आणि उरलेल्या पैशांत गच्चीची गळतीही थांबवता येईल, असा मामाचा हिशेब होता.

हा हिशेब आला कुठून? व्हॉट्सॲपवरून. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याला दहा लाख, ट्रॅक्टरवाल्या पाचच्या नोटेला पाच लाख, असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. मामाने त्यातल्या एका नंबरवर फोटो पाठवले. समोरच्याने लगेच "तुमचा माल साडेचार लाखांचा आहे" असं सांगून नोंदणी फी म्हणून अडीच हजार रुपये मागितले. मामाने ते भरले. मग जीएसटीचे म्हणून आणखी सहा हजार मागितले, तेव्हा कुठे त्याला शंका आली. आजीला हे अजून माहीत नाही.

खरं तर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच लोकांना सावध केलं होतं, की बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात फी, कमिशन किंवा कर मागणारे लोक फसवे आहेत आणि बँक अशा व्यवहारात कधीच पडत नाही. साधी गोष्ट आहे. ज्याला तुमची वस्तू विकत घ्यायची आहे, तो तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून मागत नाही. वैष्णोदेवीची नाणी २०१२ ची आहेत आणि ती आजही सुट्या पैशांत हाती येतात.

मामाची खरी आशा मात्र नऊ तांब्याच्या नाण्यांवर होती. एका बाजूला उभी मानवाकृती, दुसऱ्या बाजूला बसलेली आणि शेजारी नागरी अक्षरांत राजराजाचं नाव. ज्याने तंजावरचं बृहदीश्वराचं मंदिर बांधलं, त्या राजराज चोळाची ही नाणी. हजार वर्षं जुनी! मलाही आधी वाटलं की आपल्या हाती घबाड लागलं. पण ही नाणी त्या काळी प्रचंड संख्येने पाडली गेली आणि तमिळनाडूत, श्रीलंकेत ती हजारोंनी सापडली आहेत. त्यामुळे त्यांतलं साधं, झिजलेलं नाणं आजही अगदी थोड्या पैशांत मिळतं. आपल्याकडच्या शिवराईचंही तसंच आहे. शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं हे तांब्याचं नाणं त्यांच्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या निघत राहिलं. त्यामुळे घरात शिवराई निघाली म्हणजे ती महाराजांच्याच काळातली, असं नसतं. महाराजांचा सोन्याचा होन मात्र अतिशय दुर्मीळ आहे.

म्हणजे नुसत्या वयाला किंमत नाही. तशी किती नाणी उरली आहेत आणि ती किती जणांना हवी आहेत, यावर सगळं ठरतं. नाण्यावरचं सालसुद्धा फसवं असू शकतं. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर १८६२ लिहिलेलं असलं, तरी तेच साल ठेवून पुढे दहाएक वर्षं रुपये पाडले जात होते. याउलट सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया फार दुर्मीळ आहे. म्हणूनच त्याच्या नकलाही बाजारात भरपूर आहेत. तुमच्याकडे तो निघाला तर आनंदाआधी संशय येऊ द्या.

हे सगळं मला सांगितलं चेन्नईतल्या एका जुन्या संग्राहकाने. त्यांनी तीन तास भिंग लावून डबा पाहिला आणि चहासुद्धा आम्हालाच पाजला. आधी त्यांनी चांदीचे रुपये वेगळे काढले. १९३९ पर्यंतच्या ब्रिटिश रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी, म्हणजे एका रुपयात साधारण १०.७ ग्रॅम. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चे रुपये तर निकेलचे. आमच्याकडे जुने सतरा रुपये निघाले, म्हणजे जवळपास १८२ ग्रॅम चांदी. सराफाच्या काट्यावर वजन करून त्या दिवसाच्या भावाने गुणलं की निदान त्याखाली विकायचं नाही, हे कळतं.

मग त्यांनी एक रुपया उजेडात तिरका धरला आणि विचारलं, "हे कोणी घासलं?"

आजी दरवर्षी सरस्वतीपूजेला सगळी सुटी नाणी चिंच आणि राखेने लख्ख घासायची. तांब्यापितळेच्या भांड्यांबरोबरच. आजोबा गेल्यावर तर ती हे अधिकच मन लावून करत आली. संग्राहकांच्या दृष्टीने नाण्यावर वर्षानुवर्षं चढलेला काळपट रंग हीच त्याची खरी त्वचा. घासलं की बारीक ओरखडे पडतात, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि किंमत निम्म्याहूनही खाली येते. नाण्यांची अवस्था १ ते ७० अशा गुणांत मोजण्याची पद्धत आहे आणि वरच्या टोकाला एकेका गुणाने भाव बदलतो. हे वेड फक्त नाण्यांपुरतं नाही. अमेरिकेत बबलगम विकणाऱ्या कंपनीने छापलेलं मिकी मँटल या बेसबॉलपटूचं १९५२ चं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, कारण त्याचे कोपरे जवळजवळ नव्यासारखे शाबूत होते. त्याच वर्षाच्या, त्याच खेळाडूच्या मुडपलेल्या कार्डाला त्याचा अगदी छोटासा हिस्साही मिळत नाही.

मला आजीची आठवण येऊन कसंतरीच झालं. तिला हे सांगायचं नाही, असं मी आणि मामाने परतीच्या रेल्वेत ठरवलं.

पुड्या मात्र आजीने कधी सोडल्याच नव्हत्या. त्यांत हिरवट-काळी, नखाएवढी, अगदी कुरूप दिसणारी एकतीस नाणी होती आणि तीच त्या संग्राहकांना सगळ्यात आवडली. ती होती तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीची. १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून डेन्मार्कवाले तिथे आले, पुढे जागेचं भाडं तंजावरच्या मराठा राजांना देत राहिले आणि १८४५ मध्ये वसाहत इंग्रजांना विकून गेले. नाण्यांवर त्यांच्या राजांची गुंफलेली अक्षरं असतात. प्रत्येक पुडीवर आजोबांनी पेन्सिलीने कुठे, कोणाकडून, किती पैशांना घेतलं ते अर्धं मराठीत, अर्धं तमिळमध्ये लिहून ठेवलंय. "हे कागद फेकू नका, नाण्याबरोबरच ठेवा," असं त्यांनी मामाला दोनदा बजावलं. वस्तू कुठून आली याची नोंद असली की घेणाऱ्याचा विश्वास वाढतो.

किंमत बघायची कशी, हेही त्यांनीच दाखवलं. विक्रीच्या वेबसाइटवर लोक मागतात तो आकडा बघायचाच नाही. कोणीही काहीही मागू शकतं. मुंबईचं टोडीवाला किंवा बंगळुरूचं मरुधर यांसारख्या लिलावघरांचे आधीचे निकाल पाहायचे, तेही आपल्या नाण्याच्याच अवस्थेतल्या नाण्याचे. आणि परदेशी गिऱ्हाईक आहे असं कोणी सांगितलं तर सरळ नाही म्हणायचं. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर पाठवता येत नाही. जमिनीत सापडलेल्या नाण्यांचा कायदा आणखी वेगळा, तिथे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

शेवटी डब्याची किंमत साडेचार लाखांच्या जवळपासही गेली नाही. चांदीचे सतरा रुपये विकले. त्यातून एका डोळ्याच्या ऑपरेशनचा बराचसा खर्च निघाला. दुसऱ्या डोळ्याचे पैसे आई आणि मामा मिळून घालणार आहेत, गच्ची पुढच्या वर्षावर गेली. डॅनिश नाणी विकायची नाहीत असं मामाने स्वतःहून ठरवलं. रोज संध्याकाळी तो एकेक पुडी उघडतो, आजोबांचं अक्षर लावतो आणि वहीत उतरवतो. जिथे तमिळ शब्द अडतो तिथे तो वाचतो, जिथे जुनं मराठी अडतं तिथे मला फोटो पाठवतो.

चोळांची नऊ नाणी आजीने देवघरात मागून घेतली. आता ती घासायची नाहीत, एवढंच तिला सांगितलंय. का, ते तिने विचारलं. मामा म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलंय, ऑपरेशननंतर चिंचेला हात लावायचा नाही."