पडद्याखालच्या दोन ओळी

मराठी बोलपटाचा आढावा १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’पासून सुरू होतो आणि लगेच नट, संगीत, दिग्दर्शन यांकडे वळतो. संवादाचं पुढे काय होतं, इकडे सहसा कोणी पाहत नाही. बाडात एक वाक्य असतं, नट ते आपल्या जिभेवर बसवून घेतो, डबिंगला त्यात आणखी फरक पडतो आणि पडद्याखालच्या दोन ओळींत चौथंच काहीतरी उमटतं. यातलं खरं कोणतं? माझं मत जुनंच आहे: ध्वनिपट्टीवर जे ऐकू येतं ते. कॅप्शन बाड समोर ठेवून लिहायचीच नाहीत, ती कानाने लिहायची.

मूकपटांच्या पाट्यांवर बरंच लिहून झालंय, प्रभात कंपनीच्या द्विभाषिक चित्रपटांवरही. पण १९३७च्या ‘कुंकू’पाशी थांबायलाच हवं. दिग्दर्शक शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीत ठेवलं नाही. प्रसंगात जे वाजेल तेवढंच ऐकवलं. म्हाताऱ्या नवऱ्याच्या, काकासाहेबांच्या घरातलं भिंतीवरचं जुनं घड्याळ त्या विजोड संसारावर सतत बोलत असतं. सबटायटल्स माणसांचे शब्द देतील, घड्याळाची टिकटिक देणार नाहीत. ती कधी ऐकू येते आणि कधी थांबते हे लिहिणं क्लोज्ड कॅप्शनचं काम. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यासाठी त्याशिवाय ‘कुंकू’ अर्धाच राहतो.

याहून कठीण कसोटी ‘आक्रोश’ची. १९८०चा हा चित्रपट हिंदी, पण पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन गोविंद निहलानींचं आणि गोष्ट आदिवासीची. जव्हार-मोखाडा तालुक्यांत, आमच्या वांगणीसारख्या गावात राहणाऱ्याला ती परकी वाटत नाही. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला लहान्या भिकू स्वतःच्या वकिलापुढेही तोंड उघडत नाही. ओम पुरींनी ही भूमिका जवळजवळ शब्दांवाचून पेलली. वकील भास्कर कुलकर्णी विचारतो, लहान्या गप्प. पुन्हा विचारतो, पुन्हा गप्प. शेवटी वडिलांच्या अंत्यविधीला आणल्यावर तो बहिणीवर कुऱ्हाड चालवतो आणि ओरडत सुटतो. तिथे ‘किंकाळी’ एवढा शब्द टाकून मोकळं होणाऱ्याने चित्रपट ऐकलेलाच नसतो. ते ओरडणं किती वेळ चालतं, मध्ये कुठे तुटतं, पुन्हा कुठे उसळतं, हे सगळं पडद्यावर आलं पाहिजे.

कॅप्शनच्या धंद्यातले काही जाणते मला सांगतात की शांतता लिहायची नसते, ती दिसतेच. दिसत नाही! बहिऱ्या प्रेक्षकाला पाठमोरा बोलणारा आणि पाठमोरा गप्प बसलेला सारखाच दिसतो. म्हणून ‘लहान्या गप्प’ हे दोन शब्द मला कुठल्याही संवादाइतके मोलाचे वाटतात. या मुद्द्यावर मी अनेकांशी भांडलोय आणि अजूनही भांडेन.

चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’ने (२०१४) तर बोललेलं आणि लिहिलेलं यांतलं अंतर हाच विषय पडद्यावर आणला. साक्षीदार एका भाषेत सांगतो, न्यायाधीश त्याचा गोषवारा इंग्रजीत लिहून घ्यायला सांगतात आणि पुढे तोच पुरावा ठरतो. चित्रपटात मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा भाषा आहेत. इंग्रजी सबटायटल्समध्ये त्या सगळ्या एकाच रंगाच्या होतात. ‘फँड्री’तल्या जब्याच्या घरात कैकाडी आणि बाहेर मराठी, ही सीमारेषाही तशीच पुसली जाते. कंसात भाषेचं नाव लिहिलं तरी ती वाचते, पण तेवढे कष्टही कोणी घेत नाही.

आज मराठी चित्रपटाला इंग्रजी सबटायटल्स हटकून मिळतात, मराठी कॅप्शन क्वचित. मिळालीच तर बोली घासूनपुसून पुस्तकी केलेली. ‘लोकांना बोली वाचता येत नाही’ हा बचाव मला मान्य नाही. आमच्या तालुक्यांत वारली, ठाकरी, कोकणा, कातकरी कानावर पडतात. त्या बोलणारी माणसं पुस्तकी मराठी वाचतात, तर इतरांनी पडद्यावर बोली वाचायला काय हरकत आहे?

कॅप्शनला कायद्याचा आधारही आहे. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा. त्याच्या ४२व्या कलमात क्लोज्ड कॅप्शनचा उल्लेख आहे. चित्रपटगृहांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वंही मार्च २०२४मध्ये आली. तेव्हा मराठी निर्मात्यांना माझी विनंती एवढीच: अंतिम मिक्सिंग झालं की ध्वनिपट्टी ती बोली जाणणाऱ्या माणसाच्या हाती द्या, कॅप्शन त्याच्याकडून लिहून घ्या, त्याचे पैसे वेळेवर चुकते करा आणि श्रेयनामावलीत संवादलेखकाच्या खालोखाल त्याचं नाव घाला.