केडगावची पंडिता आणि न सुटलेला हात

दर वर्षी ८ सप्टेंबरच्या रात्री आपल्या बेटाच्या चारी बाजूंनी माणसे पायी चालत सेंत-क्रुआला निघतात. १८६४ साली ९ सप्टेंबरला देवाघरी गेलेल्या पेर लावाल यांच्या समाधीचे दर्शन घ्यायचे असते. या गर्दीत ख्रिस्ती असतात तशा हिंदू घरांतल्या आयाबायाही असतात. कोणी मुलाच्या दुखण्यासाठी येते, कोणी नोकरीसाठी, कोणी नुसतेच मन हलके करायला. सगळ्यांचे मागणे पुरे होते असे नाही. तरी ज्यांचे पुरे झाले नाही त्यांतलेही कितीतरी पुढच्या सप्टेंबरात पुन्हा वाट धरतात.

मागितलेले मिळाले नाही तरी श्रद्धा टिकते ती कशाच्या बळावर? ख्रिस्ती मंडळींच्या प्रवचनांत हा विषय वारंवार येतो, आणि बायबलातल्या ईयोबाचे उदाहरण त्यात हटकून दिले जाते. ईयोब फार जुना आणि फार दूरचा. वाचक बंधुभगिनींनो, आज आपल्याच मराठी बोलीत वाढलेल्या एका बाईची हकीकत सांगावी असे मनात आहे. तिचे नाव पंडिता रमाबाई. नाव पुष्कळांनी ऐकलेले असेल. पण ते बहुधा समाजसुधारक म्हणून. तिची श्रद्धा कशी कशी वळणे घेत टिकली, हे क्वचितच कोणी सांगते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला, आणि ते सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. पुढे सारे कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडले. गावोगाव पुराण सांगायचे, मिळेल त्या दक्षिणेवर दिवस काढायचे. रमाबाईंना संस्कृत आईने शिकवले, पहाटे उठवून, यात्रेच्या वाटेवरच.

मग १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत मोठे दुष्काळ पडले. जवळचे पैसे देवकार्यात आणि दानात खर्च झालेले, आणि भीक मागायची सवय नाही. वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. आईच्या तिरडीला खांदेकरी पुरेनात. रमाबाई अंगाने लहानखुऱ्या. त्यांचा खांदा इतरांच्या खांद्याला पोचेना, म्हणून त्यांनी आपला भार डोक्यावर घेतला.

उरले दोघे, रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघांनी पायी हिंदुस्थान पालथा घातला. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडी इतकी की अंगावर घ्यायला काही नाही म्हणून वाळूत खड्डे खणून त्यांत ती निजत, आणि डोके तेवढे बाहेर ठेवून बाकी अंगावर वाळू ओढून घेत. शास्त्रात सांगितलेले सगळे नेम त्यांनी पाळले होते. उपास केले, तीर्थे केली. देवाकडून मात्र उत्तर आले नव्हते, आणि तेव्हापासून त्यांच्या मनात शंका शिरली. १८७८ साली दोघे कलकत्त्याला पोचली, तेव्हा तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. मान पुष्कळ मिळाला. पण मनातले कोडे त्या पदव्यांनी सुटले नाही.

१८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. जात वेगळी, त्यामुळे दोन्हीकडून तुटातूट झाली. आसामात सिलचरला त्यांनी संसार मांडला, आणि तिथेच नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना बंगालीतले लूकचे शुभवर्तमान सापडले. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. वय चोवीसही नाही आणि मांडीवर तान्ही पोर. रमाबाई पुण्याला आल्या.

१८८३ साली वैद्यक शिकायचे म्हणून त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावच्या जोगिणींच्या मठात राहिल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकाचा बेत सोडावा लागला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी माय-लेकींनी बाप्तिस्मा घेतला. धर्मांतर बरे की वाईट, हा वाद आज इथे काढायचा नाही. पुण्यात तो पुष्कळ वर्षे पुष्कळ तावातावाने झाला.

आता जे सांगायचे ते असे. आपली समजूत अशी असते की माणसाला एकदा देव सापडला की पुढचा रस्ता सपाट. रमाबाईंच्या बाबतीत उलट घडले. बाप्तिस्म्यानंतर त्यांचे प्रश्न वाढले. येशूचे देवत्व, त्रैक्य, चर्चचा अधिकार, एकेका गोष्टीवर त्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून झगडत. ब्राह्मण पुरोहितांचे जू मानेवरून उतरवले आहे ते दुसऱ्या कोणाचे चढवून घेण्यासाठी नव्हे, असे त्यांनी स्पष्ट कळवले. बाईने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे हिंदुस्थानातल्या बिशपांचे मत पडले, तेव्हा त्या संतापल्या. मांसाहार त्यांनी केला नाही. वागण्यातला हिंदीपणा सोडला नाही. सिस्टर जेराल्डीन यांना वाटे, ही बाई गर्विष्ठ आहे. तिकडे पुण्याच्या लोकांना वाटे, ही बाटली, आपली राहिली नाही. दोन्हीकडच्या दारांत उभे राहण्याची ही पाळी आपल्या बेटावरच्या काही घरांनाही ठाऊक असेल, विशेषतः जिथे एका चुलीवर दोन धर्मांचे सण होतात.

आणि त्याहून अवघड गोष्ट रमाबाईंनी स्वतःच १९०७ मध्ये आपल्या साक्षीच्या पुस्तकात लिहून ठेवली. बाप्तिस्म्यानंतर सुमारे ८ वर्षांनी त्यांना कळून चुकले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही. आठ वर्षे! त्या आठ वर्षांत त्या अमेरिकेत फिरल्या, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले, शेकडो सभांत बोलल्या, ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. जग त्यांना ख्रिस्ती बाई म्हणून ओळखत होते, आणि आत मात्र कोरडे होते. तरी त्यांनी प्रार्थना सोडली नाही, बायबल मिटून ठेवले नाही, कामही थांबवले नाही. मला विचाराल तर दुष्काळात वाळूत निजण्यापेक्षा हे धैर्य मोठे. भुकेत माणूस चालतो कारण चालण्यावाचून गत्यंतर नसते. आत ओलावा नसताना रोज गुडघे टेकायला दुसरीच हिंमत लागते. आपल्यापैकी ज्यांना वाटते की माझी प्रार्थना छपरालाही पोचत नाही, त्यांनी या आठ वर्षांचा हिशेब ध्यानात ठेवावा.

मन थोडे स्थिरावते तोच बाहेर वादळ उठले. शारदा सदन १८९० मध्ये पुण्याला आले होते. तिथे धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरलेले होते, आणि रमाबाई ते देतही नव्हत्या. पण स्वतःच्या खोलीत त्या रोज प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. मुली येऊन बसू लागल्या. गवगवा झाला, केसरीने झोड उठवली, आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर अशा थोर मंडळींनी सल्लागार म्हणून राजीनामे दिले. पालकांनी मुली काढून नेल्या. एक दार लोटून घेतले असते तर सगळे निभावले असते. त्यांचे म्हणणे असे की माझ्या मुलींना मी आईसारखी वागवते, मग आईने देवापुढे बसताना मुलीला बाहेर का ठेवावे? रानड्यांच्या बाजूनेही बोलता येईल. पालकांना दिलेला शब्द त्यांना मोडायचा नव्हता. पण दार रमाबाईंनी लावले नाही.

याच सदनातली पहिल्या तुकडीची एक विधवा, गोदूबाई, हिने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. पुढे महर्षी कर्व्यांनी केवढे काम उभे केले ते सांगायला नको.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची बातमी आली. रमाबाईंच्या डोळ्यांपुढे वीस वर्षांपूर्वीचा दुष्काळ उभा राहिला असेल. हातात पैसा नव्हता. केडगावला, पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेवर, त्यांनी थोडी जमीन घेऊन ठेवली होती. फळबागेच्या उत्पन्नावर शारदा सदन चालवावे असा विचार होता. त्या दुष्काळी मुलखात गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. इतक्यात पुण्यात प्लेगाची साथ आली, शहरात मुली ठेवणे अशक्य झाले, आणि उघड्या माळावर, झाडाखाली, मिळेल त्या आडोशाला केडगावचे मुक्तिसदन सुरू झाले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि वस्ती दीड हजारांच्या घरात गेली.

दीड हजार तोंडे म्हणजे काय, हे ज्या बाईने लग्नघरात शंभर पानांचा स्वयंपाक केला असेल तिला बरोबर कळेल. विहिरी खणल्या, धान्य पिकवले, गाई पाळल्या. माग बसवले, तेलाचे घाणे घातले, छापखाना काढला. मुली खिळे जुळवायला शिकल्या. आंधळ्यांना बोटांनी वाचायचे वळण लावले. ज्यांना गावाने टाकले होते अशा बायकांसाठी कृपासदन निघाले. रमाबाई कोणापुढे हात पसरत नसत, असे काही भाविक लेखक लिहितात. ते तितकेसे खरे नाही. त्यांनी परदेशातल्या मित्रांना पत्रे लिहिली, मुक्तीची बातमीपत्रे काढली, गरज उघड सांगितली. प्रार्थना करायची आणि टपालही टाकायचे, अशी त्यांची रीत. मला ही रीत पटते.

शेवटच्या सुमारे अठरा वर्षांत त्यांनी आणखी एक काम हाती घेतले. मराठीत बायबल होते. पण त्याची भाषा संस्कृतप्रचुर, आणि केडगावच्या शेतकरी-कुणब्यांच्या पोरींना ती कळेना. संस्कृतात पदवी मिळवलेली ही बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली, ते कशासाठी, तर न शिकलेल्या बायकांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवण्यासाठी. ज्या मुलींना तिने दुष्काळातून उचलून आणले होते, त्यांच्याच हातांनी ते तिच्या छापखान्यात जुळवले गेले.

सगळा भार पुढे मनोरमेवर सोपवायचा असे ठरलेले होते. मनोरमा शिकलेली, कर्तबगार, आईच्या खांद्याला खांदा लावून राबणारी. १९२१ मध्ये ती वारली, वय अवघे चाळीस. आईबाप, बहीण, भाऊ, नवरा यांच्यामागून आता एकुलती एक लेकही. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, कानांनी जवळजवळ बहिऱ्या आणि प्रकृतीने थकलेल्या. त्यांनी देवाला काय विचारले असेल ते कुठे छापलेले नाही. छापले गेले ते बायबल. मनोरमेच्या जाण्यानंतरही त्या भाषांतराची पाने तपासत राहिल्या, आणि ते काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. पुरे छापलेले पुस्तक १९२४ साली बाहेर पडले; ते त्यांना पाहायला मिळाले नाही.

आपले पूर्वज कोकणातून या बेटावर ऊस तोडायला आले, तोच हा काळ. त्यांच्या बायकांतही कितीतरी रमाबाई असतील, ज्यांचे काही लिहून ठेवले गेले नाही. केडगावची संस्था अजून चालू आहे. तिथे आजही निराधार मुली आणि बायका राहतात.